जगाचे बीज राखणारा : निकोलाय वाव्हिलोव्ह

विद्यार्थिमित्रांनो, सणासुदीच्या दिवशी शिऱ्यावर पेरलेले बदामाचे काप आपण सारेच आवडीने खातो. बदाम म्हटला की बुद्धी आणि शक्ती हे दोन शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी हटकून येतात. परंतु हा बदाम मूळचा कोठला, तो गोड कसा झाला आणि पुढील पिढ्यांनाही तो मिळत राहावा म्हणून कोणी काय केले, हे प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाहीत. त्यांची उत्तरे शोधू लागले असता आपण एका थोर पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो. जगभरच्या धान्यांची व फळांची बीजे गोळा करण्यात ज्याने आपले आयुष्य वेचले आणि अखेर अन्नावाचून तुरुंगात ज्याचा अंत झाला, त्या निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची ही जीवनकथा आहे.

वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को शहरी झाला. त्यांचे वडील इव्हान हे मूळचे शेतकरी कुटुंबातले. लहानपणीच ते खेडे सोडून मॉस्कोला आले आणि स्वतःच्या कर्तबगारीवर कापडाच्या व्यापारात नावारूपाला आले. मुलगा चार वर्षांचा असताना, १८९१-९२ साली, रशियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. ज्या घराची पाळेमुळे खेड्यात होती, त्या घराला अशा दुष्काळाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुलाने आपला व्यापार पुढे चालवावा अशी पित्याची इच्छा होती व त्याप्रमाणे त्याला व्यापारी शाळेत घालण्यातही आले; परंतु निकोलायचे मन तेथे रमले नाही. त्याने मॉस्कोच्या कृषी विद्यालयात प्रवेश घेतला. धाकटा भाऊ सर्गेय हा पुढे मोठा पदार्थवैज्ञानिक झाला. व्यापाऱ्याच्या घरातील हे दोन्ही पुत्र सरस्वतीच्या सेवेत रमले.

कृषी विद्यालयात त्यांनी पहिला प्रबंध लिहिला तो पिकांची नासाडी करणाऱ्या गोगलगाईंवर. पुढे १९१३ साली ते अधिक अभ्यासासाठी इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन या विख्यात शास्त्रज्ञाच्या सहवासात राहिले. मेंडेल या धर्मोपदेशकाने मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग पस्तीस वर्षे धूळ खात पडले होते. १९०० साली ते पुन्हा प्रकाशात आले आणि त्यांतून आनुवंशिकतेचे नवे शास्त्र उभे राहिले. त्या शास्त्राचे बेटसन हे एक अग्रणी होते. तरुण वाव्हिलोव्ह यांच्यापुढे एकच प्रश्न होता. एखाद्या शेतावर तांबेरा पडतो, पीक आडवे होते. तरीही त्याच शेतात काही रोपे हिरवीगार उभी असतात. ही ताकद त्यांच्यात येते कोठून? ती बीजातूनच येते आणि बीजाबरोबर पुढच्या पिढीत जाते, हे त्यांनी ओळखले. मग अशी सर्व गुणवान बीजे शोधून एकत्र आणली, तर त्यांच्या संकरातून दुष्काळाला आणि रोगाला पुरून उरणारी पिके का तयार करता येऊ नयेत? हा विचार त्यांच्या जीवनाचे ध्येय बनला.

१९१६ साली पहिले महायुद्ध चालू असताना त्यांना इराणात धाडण्यात आले. तेथील आघाडीवरचे रशियन सैनिक भाकरी खाऊन आजारी पडत होते. गव्हात मिसळलेले एका विषारी तणाचे बी हेच त्याचे कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. काम आटोपल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. तेथून पामीरच्या उत्तुंग पठाराकडे वळले. दऱ्याखोऱ्यांतील एकेका वस्तीत शेकडो वर्षे जपलेले गव्हाचे व जवाचे वाण पाहून त्यांना जणू नवे जग सापडले.

१९१७ साली ते साराटोव्ह येथे प्राध्यापक झाले. रशियात राज्यक्रांती आणि यादवी युद्ध पेटले होते, प्रयोगशाळेत साधने नव्हती, तरी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी आपले संशोधन चालूच ठेवले. पुढे पेट्रोग्राड, म्हणजेच नंतरचे लेनिनग्राड व आजचे सेंट पीटर्सबर्ग, येथील वनस्पतिसंशोधन संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२१ साली देशात पुन्हा महाभयंकर दुष्काळ पडला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा दौरा करून तेथून मोठ्या प्रमाणावर बियाणे आणले.

वाव्हिलोव्ह यांचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धांत १९२६ साली ग्रंथरूपाने प्रकट झाला. तो समजण्यास कठीण नाही. एखाद्या पिकाचे मूळ घर कोणते हे ओळखावयाचे असेल, तर त्याचे सर्वाधिक प्रकार कोठे आढळतात ते पाहावे. जेथे ते पीक हजारो वर्षे नांदले, तेथेच त्याला अनेक रंग, अनेक चवी आणि अनेक स्वभाव प्राप्त झालेले असतात. या सूत्राच्या आधारे त्यांनी पृथ्वीवरील पिकांची काही मोजकी उगमकेंद्रे निश्चित केली. त्यांतील बहुतेक डोंगराळ प्रदेशात आहेत, कारण दर दरीचे हवामान निराळे आणि दर दरीतील शेतकरीही निराळा. आपला हिंदुस्थान हेही त्यांतील एक केंद्र. भात, वांगी, काकडी आणि आंबा ही आपल्या भूमीने जगाला दिलेली देणगी आहे, हे त्यांनी आदराने नमूद केले. नंतरच्या शास्त्रज्ञांनी या सिद्धांतात काही फेरफार केले. तरी त्याचा गाभा आजही मान्य आहे.

आता बदामाकडे वळू. प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणि शाळांच्या अंगणांतून मोठ्या पानांचे जे झाड देशी बदाम म्हणून ओळखले जाते, त्याचा खऱ्या बदामाशी काहीही संबंध नाही. खरा बदाम हा गुलाबाच्या कुळातला, पीच आणि जर्दाळू यांचा सख्खा भाऊ. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या थंड व कोरड्या डोंगराळ पट्ट्यात त्याचे रानटी भाऊबंद आजही उभे आहेत. हे रानबदाम कडू असतात, आणि त्यांचा कडूपणा साधा नव्हे. तो दाणा चावला असता त्यातून सायनाइड हे जहाल विष निर्माण होते. फार प्राचीन काळी एखाद्या झाडाच्या जनुकात निसर्गतः बदल झाला, त्याला गोड बदाम लागले आणि कोणा अज्ञात माणसाने ते झाड ओळखून त्याचे बी जपले. हा बदल नेमका कसा घडला याचा उलगडा शास्त्रज्ञांनी २०१९ साली केला. पण त्याचा लाभ मात्र मानवजात हजारो वर्षे घेत आली आहे.

१९२४ साली वाव्हिलोव्ह अफगाणिस्तानात गेले. घोड्यांच्या तांड्यासह सुमारे पाच महिने त्यांनी तो देश पालथा घातला. काफिरिस्तानच्या, म्हणजे आजच्या नूरिस्तानच्या, अवघड खिंडीही त्यांनी ओलांडल्या. या भूमीतील अनेक शेते आणि बागा कारेझ नावाच्या भुयारी कालव्यांवर जगतात. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून उताराने वाहत आणावयाचे आणि मधूनमधून विहिरींसारखी तोंडे ठेवावयाची, ही ती युक्ती. बऱ्हाणपूरकरांना ती वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, इ. स. १६१५ च्या सुमारास, एका इराणी तज्ज्ञाने सातपुड्याचे पाणी याच रीतीने आपल्या नगरात आणले, आणि तो कुंडी भंडारा आजही आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो. ज्या विद्येने इराणातील बागा फुलविल्या, तीच विद्या तापीच्या तीरावर आली. बदाम मात्र सुकामेव्याच्या पोत्यांतूनच आला; आपल्या उष्ण हवेत त्याचे झाड रुजले नाही, कारण त्याला हिवाळ्यातील कडक थंडी लागते.

बदामाच्या झाडाचा स्वभाव समजला म्हणजे वाव्हिलोव्ह यांच्या कार्याचे मोल अधिक चांगले कळते. बहुतेक बदामांचे फूल स्वतःच्या किंवा आपल्याच वाणाच्या परागाने फळत नाही. त्याला दुसऱ्या वाणाचा पराग मधमाशीने आणून द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक बी हे दोन निरनिराळ्या आईबापांचे अपत्य असते आणि त्यापासून उगवलेले झाड कोणा एकासारखे हुबेहूब नसते. कोणाचे कवच कागदासारखे पातळ, कोणाचे दगडासारखे कठीण. कोणी लवकर फुलतो व हिमाने करपतो, कोणी उशिरा फुलतो व तरून जातो. कोणी अल्प पाण्यावर जगतो, तर कोणी किडीला दाद देत नाही. बियांपासून वाढविलेली जुनी बाग म्हणजे असा गुणांचा खजिनाच होय. याउलट कलमांची बाग लावली म्हणजे एकाच झाडाची हजारो प्रतिबिंबे उभी राहतात. फळ सारखे व भरघोस मिळते, व्यापाराला ते सोयीचे असते. पण एकाला जो रोग मारील तो सर्वांनाच मारील.

मध्य आशिया आणि कॉकेशसच्या पर्वतराजीत वाव्हिलोव्ह यांनी सफरचंद, नासपती, डाळिंब, अक्रोड व बदाम यांची नैसर्गिक अरण्ये पाहिली. कॉकेशसमध्ये तर एक विलक्षण दृश्य त्यांच्या नजरेस पडले. तेथील शेतकरी गव्हासाठी रान साफ करताना चांगल्या फळांची रानझाडे तोडीत नसत. ती शेतातच राखून ठेवीत, पुढे त्यांच्यावर कलमे करीत आणि मग निवडक झाडे अंगणात आणून लावीत. अरण्यापासून बागेपर्यंतचा मानवाचा सारा प्रवास एकाच खोऱ्यात जिवंत दिसत होता. १९३० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या परिषदेत त्यांनी या रानटी फळझाडांवर निबंध सादर केला. कडू, वाकडी, निरुपयोगी भासणारी ही झाडेच उद्याच्या बागांचा आधार आहेत, हे त्यांचे प्रतिपादन होते. रानबदामाचा दाणा खाण्याजोगा नसेल. परंतु त्याची मुळे दुष्काळाशी झुंजण्यास शिकलेली असतात.

या ध्यासापायी त्यांनी अखंड प्रवास केला. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, ॲबिसीनिया, चीनचा पश्चिम भाग, जपान, कोरिया, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे पाच खंड त्यांनी धुंडाळले. ते रात्री चारपाच तासच झोपत आणि पुष्कळ भाषा जाणत. बाजारात शिरून म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्यांतील मूठमूठ धान्य ते विकत घेत, प्रत्येक पुडीवर गाव व तिथी लिहीत आणि लेनिनग्राडला रवाना करीत. १९४० पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. असा बीजसंग्रह त्या काळी जगात दुसरा नव्हता.

परंतु सत्य शोधणाऱ्याच्या वाट्याला नेहमीच सन्मान येतो असे नाही. वाव्हिलोव्ह यांची पद्धत संथ होती; नवा वाण सिद्ध होण्यास दहाबारा वर्षे लागत. हुकूमशहा स्टालिनला मात्र तात्काळ फळ हवे होते. लिसेंको नावाचा एक महत्त्वाकांक्षी गृहस्थ पुढे आला. आनुवंशिकतेचे शास्त्र खोटे आहे व आपण दोनतीन वर्षांत उत्पन्न वाढवून दाखवू, असा दावा तो करू लागला. सत्तेने त्याला उचलून धरले. वाव्हिलोव्ह यांनी आरंभी या माणसाला उत्तेजनच दिले होते. पण शास्त्राचाच गळा घोटला जात आहे हे दिसताच ते ठामपणे उभे राहिले. त्यांचे सहकारी एकेक करून पकडले जाऊ लागले. १९३९ साली एडिंबरो येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले, परंतु त्यांना देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही. माघार घेतली असती तर पद आणि प्राण दोन्ही वाचले असते. त्यांनी माघार घेतली नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनच्या पश्चिम भागात वनस्पती गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. त्यांच्यावर हेरगिरीचे व शेतीचा नाश केल्याचे खोटे आरोप ठेवण्यात आले. रात्रीमागून रात्री चौकशी चालली. जुलै १९४१ मध्ये त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली व पुढे ती वीस वर्षांच्या कारावासात बदलण्यात आली. जर्मन सैन्य मॉस्कोजवळ येताच कैद्यांना साराटोव्ह येथे हलविण्यात आले. ज्या शहरात एके काळी तरुण प्राध्यापक म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच शहराच्या अंधाऱ्या कोठडीत ते आता कैदी होते. तेथेही ते सोबतच्या बंदिवानांना विज्ञानाची व्याख्याने देत असत. त्यांची पत्नी येलेना, जी स्वतः मसुराच्या वाणांची अभ्यासक होती, आणि धाकटा मुलगा ही दोघे युद्धामुळे साराटोव्हलाच आश्रयाला आली होती. तुरुंगापासून काही रस्त्यांच्या अंतरावर ती राहत होती; पण आपला माणूस इतका जवळ आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. १९४२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने वाव्हिलोव्ह यांना आपले परदेशी सदस्यत्व अर्पण केले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २६ जानेवारी १९४३ रोजी, उपासमारीने क्षीण होऊन ते त्या तुरुंगातच मरण पावले. मानवजातीचे अन्न राखणारा माणूस मूठभर अन्नाविना गेला. त्यांचे वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते.

इकडे लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तो सुमारे ८७२ दिवस टिकला. एक वेळ अशी आली की सामान्य नागरिकास दिवसाला १२५ ग्रॅम भेसळीची भाकरी मिळे. संस्थेच्या इमारतीत टनावारी धान्य, शेंगदाणे आणि बटाटे होते. राखण करणारे होते ते उपाशी शास्त्रज्ञ, आणि त्यांचे प्रमुख तर तुरुंगात. त्यांनी उंदरांपासून संग्रह राखला, थंडीपासून राखला आणि स्वतःच्या भुकेपासूनही राखला. भाताच्या संग्रहाचे रक्षक इव्हानोव्ह हे हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने मेले. ओटच्या संग्रहाच्या अभ्यासक रोदिना याही गेल्या. भुईमुगाचे तज्ज्ञ श्चुकिन लिहिण्याच्या मेजाशीच गतप्राण झाले. असे सांगतात की त्यांची मिटलेली मूठ उघडली तेव्हा तीतून बदामांची एक पुडी खाली पडली. वेढ्याबाहेर सुरक्षित जागी धाडण्यासाठी ते नमुन्यांचा दुसरा संच बांधीत होते. त्या पुडीतील बदाम खाऊन कदाचित त्यांचा एखादा दिवस निभावला असता. परंतु त्यांनी तो दाणा स्वतःचा मानला नाही, तो पुढच्या पिढ्यांचा मानला. गुरू तुरुंगात आणि शिष्य वेढ्यात, दोघांनी एकच व्रत पाळले.

१९५५ साली वाव्हिलोव्ह निर्दोष असल्याचे जाहीर झाले आणि पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. आज जगात अनेक बीजपेढ्या आहेत. नॉर्वेच्या हद्दीतील स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ साली बर्फाळ डोंगराच्या पोटात जगाचा बीजसंचय उघडण्यात आला. आपल्या देशात नवी दिल्ली येथे राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरो आहे आणि त्याचे एक केंद्र आपल्यापासून फार दूर नसलेल्या अकोला येथे आहे.

परंतु बदामासारख्या झाडांचे वाण केवळ बिया डब्यात ठेवून टिकत नाहीत, कारण बी आईसारखे निपजत नाही. त्यांच्यासाठी जिवंत झाडांच्या बागाच राखाव्या लागतात. आज जगातील बदामांपैकी सुमारे चार पंचमांश एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि तेही थोड्याच वाणांचे. आपल्या बाजारातील बदामही बहुतांशी तिकडचाच असतो. काश्मीरमध्ये मात्र बियांपासून वाढलेल्या जुन्या बागा पिढ्यान् पिढ्या होत्या. श्रीनगरची बदामवारी वसंतात फुलते तेव्हा लोक अजूनही ती पाहण्यास लोटतात. उत्पन्न कमी म्हणून त्या बागा तुटत चालल्या आहेत, त्यांच्या जागी सफरचंद येत आहे किंवा घरे उभी राहत आहेत. तेथील शास्त्रज्ञांनी अशा झाडांतून निवड करून वारिस, मखदूम, शालिमार असे वाण पुढे आणले आणि श्रीनगरच्या समशीतोष्ण फलोद्यान संस्थेत नाना प्रकारच्या बदामांची झाडे राखली जातात. तुटलेले प्रत्येक जुने झाड म्हणजे जगात दुसरी प्रत नसलेला ग्रंथ जळाल्यासारखे आहे.

हे सारे दूरच्या देशांचे आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्याची लक्ष्मी म्हणजे केळी. शेतांतून मैलोगणती उभी असलेली ग्रँड नैन केळी एकाच वाणाची, एकाच साच्यातली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल नावाच्या केळीचे असेच अफाट मळे मातीतून येणाऱ्या मररोगाने उद्ध्वस्त झाले. ज्या कॅव्हेंडिश गटातील केळीने तेव्हा व्यापार तारला, त्याच गटातली आपली केळी आहे. आणि तिलाही मारणाऱ्या नव्या मररोगाचा शिरकाव आता आपल्या देशात झाला आहे. त्यावर उतारा सापडेल तो कदाचित कोणाच्या तरी परसातल्या, बाजारात किंमत नसलेल्या, जुन्या केळीत. तीच गोष्ट बांधावरच्या रायवळ आंब्याची. सातपुड्याच्या रानातील चारोळी हा तर आपला गरिबाचा बदाम. पण कच्ची फळे ओरबाडून आणि फांद्या तोडून आपण तिची झाडे विरळ करीत आहोत.

विद्यार्थिमित्रांनो, वाव्हिलोव्ह होण्यासाठी पाच खंड फिरावे लागतातच असे नाही. सुट्टीत आजोळी जाल तेव्हा आजीआजोबांना विचारा, की पूर्वी घरी कोणती ज्वारी, कोणती तूर, कोणता आंबा होता. त्यांतले आता काय उरले आहे. नावे वहीत लिहून काढा, मूठभर बी मागून घ्या, त्यावर गावाचे नाव व तिथी लिहा आणि पावसाळ्यात ते पेरा. वाव्हिलोव्ह यांनी याहून निराळे काही केले नाही. फक्त ते त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत केले.